समासातला पत्ता

मित्रांनो, जरा हलक्या हाताने उघडा मला. मी एका दफनभूमीची जुनी नोंदवही आहे. लाल कापडी पुठ्ठा आणि त्यावरची सोनेरी अक्षरे पाहून भुलू नका. हे सगळे मागाहून आलेले आहे.

छापखान्यात माझ्या पानांवर रकाने आखले गेले: नाव, वय, तारीख, सोबत कोण आले. कबर कुठे आहे, हा रकाना मात्र छापायचाच राहिला. फाटकाजवळच्या खोलीत राहणाऱ्या रखवालदारकाकांनी मला पहिल्यांदा उघडले आणि ते हसलेच.

"छापणाऱ्याला वाटलं असेल, माणूस मातीत गेला की त्याचा पत्ता कोण विचारतंय!"

मग तो पत्ता ते माझ्या समासात लिहू लागले. शिसपेन्सिलीने, बारीक अक्षरात. 'विहिरीकडची ओळ, वाकड्या झाडापुढे.' 'भिंतीलगत, आईच्या शेजारी.' लिहून झाले की क्षणभर हात जोडत आणि मगच मला मिटत. मेलेला ओळखीचा असो वा नसो, त्यात खंड पडला नाही. कोणी आले की काका माझ्यात बघून त्याला थेट कबरीपाशी नेत. परतताना लोक माझ्यावरूनही मायेने हात फिरवत.

एके दिवशी काकाही याच मातीत विसावले. त्यांची नोंद कोणीतरी घाईघाईने केली. समास कोराच राहिला.

पुढे दफनभूमीला कुलूप लागले. गवत माजले, कबरींवरच्या लाकडी पाट्या कुजल्या. मी कपाटात ओल खात पडले आणि वाळवीने माझा पुठ्ठा फस्त केला.

किती वर्षांनी कोण जाणे, दफनभूमीसमोरच्या कचेरीतल्या एका कारकूनबाईंना मी सापडले. त्यांचा जीव हळहळला. एकेक पान त्यांनी पंख्याखाली वाळवले, मऊ कुंचल्याने माती झाडली आणि मला बांधणीवाल्याकडे नेले.

"बाई, वही आहे का चिंध्यांचं गाठोडं?"

"चेष्टा नको हो. माणसं आहेत तिच्यात."

"मग नवरीसारखी नटवून देतो! या कुरतडलेल्या कडा तेवढ्या कापून सारख्या करतो."

"मजकूर जाणार नाही ना?"

"छे! रकान्याला धक्का लागला तर नाव बदलीन."

शब्दाचा पक्का माणूस तो. रकान्याला खरोखरच धक्का लागला नाही. समासातली पुसट पेन्सिल त्याला मळ वाटली. मला ओरडता आले असते तर! पाते खाली आले. काकांचे सगळे पत्ते पट्ट्या होऊन जमिनीवर पडले, आणि संध्याकाळी केरात गेले.

कचेरीत माझे फार कौतुक झाले. मला खिडकीशेजारच्या काचेच्या कपाटात बसवले. मग एक दिवस पिकल्या केसांच्या ताई आल्या.

"माझा धाकटा भाऊ गं. छकुल्या म्हणायचो. आई होती तोवर तीच यायची, मला कधी जमलं नाही. एकदा त्याच्यापाशी बसायचंय."

बाईंनी पाने उलटली. "हा बघा ताई, सापडला!"

"कुठे आहे तो?"

बाईंचे बोट रकान्यांवरून सरकत पानाच्या कडेला गेले. तिथे एका अक्षराची शेपटी तेवढी उरली होती. बाईंचा चेहरा उतरला.

"मीच कापून घेतलं हो, ताई. वाचलंच नाही."

"रडू नकोस. नाव तरी वाचवलंस. विळा आहे का एखादा?"

बाईंनी फाटकाचे कुलूप काढून दिले. तेव्हापासून ताई रोज येतात. दर वेळी एका नव्या कबरीवरचे गवत काढतात, शेजारी बसतात, "छकुल्या, मी आले रे," म्हणतात आणि गुडघ्यावर हात टेकून उठतात. "ही त्याचीच कशावरून?" असे बाईंनी विचारले तर म्हणतात, "तो नसला तर कुणाचा तरी भाऊ असेलच की."

मित्रांनो, जुने काही सावरायला घ्याल तेव्हा आधी त्याच्या कडा वाचा. कोणीतरी तिथेच जपून काही लिहिलेले असते.

छकुल्या कुठे निजला आहे, ते मला अजून आठवते. खिडकीतून ताई दिसतात. आजही त्या दुसऱ्याच ओळीत बसल्या आहेत.