नुसती बसलेली बाई

"आहात ना हो तुम्ही?" शेजारची शिंपीण तिच्याकडच्या किल्लीने दार उघडून आत शिरली ती धापा टाकतच. गळ्यात मापाची फीत तशीच लोंबत होती आणि चेहरा पांढराफटक पडला होता.

घारबाई खिडकीपाशी खुर्चीत बसल्या होत्या. त्यांनी मान वळवून विचारलं, "कुठे जाणार मी?"

मग उलगडा झाला. दूरच्या शहरातून मुलाने शिंपिणीला फोन केला होता, की आई कधीची हललेली नाही, ताबडतोब जाऊन बघा. ती बिचारी अर्धा शिवलेला सदरा मशीनवर टाकून जिने चढत आली होती. घारबाईंनी तिला पाणी दिलं, वर तिचीच समजूत घातली. ती गेल्यावर मात्र त्यांनी कपाटावरच्या लिंबाएवढ्या कॅमेऱ्याकडे असं काही बघितलं, की तिकडे मुलाची मान आपोआप खाली गेली असावी.

न्हाणीघरात पाय घसरून त्या पडल्या, तेव्हापासून हा बिनबोलावलेला पाहुणा घरात होता. एक तर कॅमेरा, नाहीतर सामान बांधून आमच्याकडे चल, असं मुलाने निक्षून सांगितलं होतं. घर सुटू नये म्हणून त्यांनी कॅमेरा पत्करला.

गंमत म्हणजे जन्मभर त्यांनी दुसरं केलं काय? प्राण्यांचा अभ्यास करणाऱ्या एका केंद्रात त्या नोकरीला होत्या. नदीकाठी पाणमांजरांच्या बिळांसमोर कॅमेरे लावलेले असत आणि त्यांतलं चित्रण शहरातल्या एका खोलीत पडद्यावर येई. ते त्या डोळ्यांत तेल घालून बघत. नजरेतून काही सुटत नाही म्हणून केंद्राने त्यांना घारबाई करून टाकलं होतं. तिथे एक रीत होती. कॅमेरा नवा लावला की सुरुवातीचं चित्रण हिशेबात धरायचं नाही. आपल्याला कुणी बघतंय हे जनावराला कळतं आणि ते वेगळंच वागतं.

घरात त्याही वेगळंच वागू लागल्या होत्या. केस विंचरल्याशिवाय स्वयंपाकघरात येत नव्हत्या. गुणगुणणं बंद झालं होतं. गुडघा ठणकला तरी भिंतीचा आधार घेत नव्हत्या, कारण तिकडे दिसेल. स्वतःच्याच घरात चोरासारखं वागायचं, याची त्यांना मनापासून चीड आली होती.

सुट्टी पडताच मुलगा येऊन थडकला. हातपाय धुवायच्या आधीच त्याने फोनवर ते चित्रण आईपुढे धरलं.

"बघ. किती वेळ तशीच बसलीयस. म्हणून मी शेजारी फोन केला, आई."

घारबाईंनी चष्मा लावला आणि कामावर बघत तशा बघू लागल्या. खुर्चीत एक वय झालेली बाई होती. पाय सैल सोडलेले, हात मांडीवर, खांदे संथपणे वरखाली होत होते. बाई त्यांना आवडली.

"छान आहे की. नुसती बसलीय."

"पण का?"

"तिला बसावंसं वाटलं म्हणून."

मुलगा वैतागला. आता मी काही ऐकणार नाही, उद्या सामान बांधायचं, असं म्हणाला. तेव्हा त्यांनी त्याला केंद्रातली एक हकिगत सांगितली. एक पाणमांजरी बिळाच्या तोंडाशी बराच वेळ निश्चल पडून होती. आजारी असेल असं वाटून सगळ्यांचंच धाबं दणाणलं आणि माणसं गाडी घेऊन धावली. ती उन्हाला पडली होती. माणसं बघून पळाली ती पळालीच.

"पुन्हा त्या बिळात आली नाही," त्या म्हणाल्या. "सगळे काळजीपोटीच गेले होते. मी इथून हलणार नाही. न्यायचंच असेल तर खुर्चीसकट उचलून ने."

"मग मी काय करू? तिकडे माझा जीव टांगणीला लागलेला असतो."

ते खरं होतं, आणि त्यांना ते लागलं. पोराने दुसऱ्या कुणासाठी एवढा जीव टाकला नसता. त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला, पण शब्द मागे घेतला नाही. तो रागारागाने परत गेला. कॅमेरा तसाच राहिला; जाण्याआधी त्याने त्यातून बोलायची सोय तेवढी चालू केली होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी स्टूल कपाटाला लावलं. स्टुलावर चढायचं नाही, असं त्याने शंभरदा बजावलं होतं. त्या चढल्या.

"आई, खाली उतर!" कॅमेऱ्यातून आवाज आला.

"उतरतेच आहे."

त्यांनी कॅमेरा काढला, खिडकीच्या कठड्यावर आणून ठेवला आणि त्याचं तोंड रस्त्याकडे केलं. समोर चांभाराचं दुकान होतं, दुकानापुढे कुत्रं झोपलं होतं, शाळेतून सुटलेली पोरं दप्तरं ओढत चालली होती. मग त्यांनी खुर्ची ओढली आणि कॅमेऱ्याच्या मागे बसल्या.

"आई, तू दिसत नाहीस."

"नाहीच दिसणार. मी तुझ्या बाजूला बसलेय."

पोरं गेली, रस्ता रिकामा झाला.

"ते कुत्रं," तो हळूच म्हणाला, "हलत का नाही?"

"बघत राहा," घारबाई म्हणाल्या आणि पाय सैल सोडून बसल्या.