सी मीच, डी पण मीच

मी हार्ड डिस्क बोलतेय. टेबलाखालच्या त्या काळ्या डब्यातली. आयुष्यभर मुकाट्याने तुमचं सगळं पोटात घेतलं, आज जरा माझं ऐका. राग आलाय मला.

कारखान्यात माझ्या पोटात आरशासारख्या चकत्या बसवल्या, तेव्हा धुळीचा कण आत जाऊ नये म्हणून माणसं तोंड बांधून काम करत होती. केवढा तो मान! आणि या घरात आले, तर यजमान माझ्या डब्यावर पाय ठेवून बसायचे. आल्या आल्या त्यांनी माझे दोन भाग केले. एकाचं नाव सी, दुसऱ्याचं डी. अहो, खोलीत पडदा लावला म्हणून दोन घरं होतात का?

घरात लहानगी छकुली. तिला झटके यायचे. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, "झटका आला की तिला कुशीवर वळवा आणि व्हिडिओ काढा. सुरुवात कुठून होते ते बघून औषध ठरवू."

त्या माउलीने काढले. लेकीला उराशी घ्यायचं सोडून मोबाइल धरायचा, याला काळीज लागतं. मोबाइल भरला, तसे यजमानांनी ते व्हिडिओ माझ्यात टाकले आणि मोबाइलमधले पुसले.

"दुसरीकडे पण ठेवलेत ना?" तिने विचारलं.

"सीमध्ये आहेत, डीमध्ये पण आहेत. बॅकअप म्हणतात त्याला."

"पण सी आणि डी एकाच डब्यात ना? जादा किल्ली घरातच ठेवून कुणी बाहेरून कुलूप लावतं का?"

"तू आणि तुझी किल्ली!" यजमान हसले.

हसले! जे खरं होतं, त्याला हसले.

पुढे चकत्यांवरून फिरणारा माझा आतला हात अडखळू लागला. टक टक करून मी किती सांगितलं. यजमानांनी डब्यावर दोन थापा मारल्या आणि म्हणाले, "बघ, गेला आवाज." आवाज नाही, जीव जात होता माझा! एक दिवस मी बंद पडले. आणि डॉक्टरीणबाईंकडे जायचं होतं परवा.

मग काय, कुणीतरी सांगितलं म्हणून यजमानांनी मला पिशवीत घालून बर्फाच्या कप्प्यात ठेवलं. मटारांशेजारी!

"अहो, हे काय?"

"थंड केली की चालते म्हणे."

"लेकीचं औषध ठरायचंय त्यावर, आणि तुम्ही मटारात ठेवता?" तिने मला बाहेर काढलं, टॉवेलात गुंडाळलं, आणि दोघं दुरुस्तीच्या दुकानात आली.

दुकानदार म्हणाला, "हिला पुन्हा पुन्हा चालू करायचं नाही. एकदाच फिरवू. निघेल ते दुसऱ्या डिस्कवर घेऊ. मध्येच बंद पडू शकते, तेव्हा आधी काय हवंय ते सांगा."

"लग्नाचे फोटो..." यजमान बोलू लागले.

"लग्न झालंय आपलं, पुरावा नको," ती म्हणाली. "झटके काढा आधी."

तिच्यासाठी फिरले मी. यजमानांसाठी नाही, स्पष्ट सांगते. बरेच व्हिडिओ अर्धेच निघाले. एक मात्र अख्खा निघाला. त्यात छकुलीचा डावा अंगठा आधी हलतो, मग सगळं अंग. पुढच्याला हात घातला आणि मी थांबले ती कायमची. लग्नाचे फोटो माझ्याबरोबरच गेले.

डॉक्टरीणबाईंनी तो अंगठा पुन्हा पुन्हा बघितला आणि औषध बदललं.

आता मी ड्रॉवरमध्ये पडून असते. टेबलाखालच्या डब्यात नवी डिस्क आली आहे. परवा यजमानांचा आवाज आला, "हिचे पण दोन भाग करतो. डीमध्ये बॅकअप..."

"किल्ली," ती एवढंच म्हणाली.

यजमानांनी सगळं एका पेनड्राइव्हवर उतरवलं. मग यजमान चप्पल घालत म्हणाले, "दे तो पेनड्राइव्ह. तुझ्या ताईकडे ठेवून येतो."

बायांनो, बाप्यांनो, माझ्या जातीवर प्रेम करा, पण एकटीवर विसंबू नका. आम्ही सांगून मरतो. तुम्ही थापा मारता.