तिसरा नंबर

बद्रीनाथने टँकरचा जाड पाइप सोसायटीच्या जमिनीखालच्या टाकीत सोडला, कॉक उघडला आणि हात पँटला पुसत असताना खिशातला फोन वाजला. नंबर अनोळखी होता. विमा विकणारे असतील म्हणून त्याने तो कापला. फोन लगेच पुन्हा वाजला.

“पूर्णिमा इंगोले यांच्या घरचं कोणी बोलतंय का?” एक बाई घाईघाईने विचारत होत्या.

“हो. मी तिचा बाप.”

बाई विद्यापीठातून बोलत होत्या. भूशास्त्राच्या एम.एस्सी.ची एक जागा रिकामी झाली होती. प्रतीक्षा यादीतल्या पहिल्या दोघांनी दुसरीकडे प्रवेश घेतला होता, आणि पूर्णिमाचा नंबर तिसरा. काल संध्याकाळी मेल केला, उत्तर नाही. सकाळपासून तिचा फोन लागत नाही. म्हणून अर्जावरचा हा दुसरा नंबर लावला. हो किंवा नाही, ते आज पाच वाजेपर्यंत कळवायचं होतं.

“कळवतो,” बद्रीनाथ म्हणाला. “लई उपकार झाले, मॅडम.”

“उपकार कसले? यादी आहे,” असं म्हणून बाईंनी फोन ठेवला.

तो टँकरच्या चाकाला टेकून उभा राहिला. जूनच्या शेवटी दोन याद्या लागल्या होत्या, पुण्याची आणि नागपूरची. दोन्हींत पूर्णिमाचं नाव होतं आणि दोन्हीकडे ते प्रतीक्षा यादीत होतं. पुण्यात तिसरं, नागपुरात अकरावं. त्यानंतर महिनाभर खराडीतल्या त्यांच्या दोन खोल्यांत दुसरा विषय नव्हता. पूर्णिमाची आई हिरा म्हणायची, नागपूरला माझी बहीण आहे, थांबू तिथल्यासाठी. शेजारी म्हणायचे, समोर एवढे आयटी पार्क आहेत, बी.एस्सी. झालीय, नोकरीला लावून द्या. बद्रीनाथचं म्हणणं होतं की एक वर्ष गेलं तर गेलं, पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षा द्यावी. पूर्णिमा सगळ्यांचं ऐकून घ्यायची आणि रोज सकाळी संकेतस्थळ उघडून पाहायची. नंबर हलत नव्हता. शेवटी एक दिवस ती एकटीच लोणी काळभोरला जाऊन आली. तिथल्या एका नव्या कॉलेजात भूजलाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम निघाला होता. फी झेपणारी होती आणि जागा होत्या. ती म्हणाली, इथे प्रवेश घेते. आणि घेतला.

पोरीला काहीतरी मिळालं याचं बद्रीनाथला समाधान होतं. तरी त्याच्या डोळ्यांपुढून विद्यापीठ जात नव्हतं. मुलाखतीच्या दिवशी तो तिच्यासोबत गेला होता. मोठमोठ्या झाडांखालच्या बाकावर तीन तास बसला होता आणि येणारी-जाणारी मुलं पाहत होता. वाशिम जिल्ह्यातल्या त्याच्या गावातून आजवर कुणी त्या फाटकातून शिकायला आत गेलं नव्हतं.

आता जागा मिळाली होती. त्याने पूर्णिमाला तीनदा फोन लावला. लागला नाही.

तेवढ्यात दुसरा टँकर घेऊन माऊली आला. दहा वर्षं दोघं एकाच मालकाकडे गाड्या चालवत होते. बद्रीनाथने जेमतेम अर्धं सांगितलं असेल, तोच माऊलीने जवळच मालकाच्या अड्ड्यावर लावलेल्या आपल्या मोटरसायकलची किल्ली त्याच्या हातात दिली. तुझी खेप मी टाकतो, मालकाचं मी पाहतो, तू आधी निघ, एवढंच तो बोलला. बद्रीनाथला त्याला काही म्हणायचं होतं, पण माऊली पाइप बघायला वळलासुद्धा.

हडपसरच्या गर्दीत अडकायला नको म्हणून तो वाघोली-केसनंदवरून निघाला. रस्त्यावर ट्रक होते, खड्डे होते, पण आज त्याला कशाचाच राग येत नव्हता. त्याने मनात सगळं ठरवून टाकलं. आधी तिला तोंडाने सांगायचं. मग लगेच फोन. मग हिराला. मग गावी थोरल्या भावाला. यादीतल्या पहिल्या दोघांची नावंही त्याला माहीत नव्हती, पण त्यांचं भलं होवो असं तो दोनदा स्वतःशीच म्हणाला.

कॉलेजच्या इमारतीला अजून रंग लागला नव्हता. शिपायाने सांगितलं की केतकर मॅडम वर्ग घेऊन थेऊरच्या बाजूला विहिरी मोजायला गेल्यात. फोन लागायचा नाही तिथं, खोलगट भाग आहे. बद्रीनाथ पुन्हा निघाला. उसाच्या दोन शेतांमधून चिखलाची वाट होती. तिच्या टोकाला एका विहिरीभोवती दहा-बारा मुलं उभी होती.

पूर्णिमा कठड्याला पोट टेकवून आत वाकली होती. हातात लांब टेप होता. पायांत चपला नव्हत्या, सलवार गुडघ्यापर्यंत चिखलाने भरली होती.

“सहा मीटर वीस,” ती ओरडून म्हणाली आणि सरळ होताना तिला वडील दिसले. “बाबा? काय झालं? आई बरी आहे ना?”

“बरी आहे. चांगली बातमी आहे.” त्याने धापा टाकतच सांगितलं. विद्यापीठातून फोन होता. नंबर लागला. पाचपर्यंत कळवायचंय.

पूर्णिमाने टेप पूर्ण गुंडाळला.

“मला माहीत आहे, बाबा. मेल रात्रीच वाचला.”

“मंग? सांगितलं काहून नाही?” बद्रीनाथच्या तोंडून गावची बोली निघाली. राग किंवा आनंद फार झाला की ती निघायची.

“मी त्यांना ‘नाही’ म्हणणार आहे म्हणून.”

बद्रीनाथने तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या मॅडमकडे. सरोजिनी केतकर साठीच्या पुढच्या होत्या. सरकारी भूजल खात्यातून निवृत्त झाल्यावर त्या इथे शिकवायला लागल्या होत्या. डोक्याला पांढरा रुमाल बांधून त्या शेताच्या बांधावर उभ्या होत्या.

“माझ्याकडे पाहू नका,” त्या कोरडेपणाने म्हणाल्या. “सकाळी बसमध्ये पाऊण तास मी तिला जा म्हणून सांगितलं. तिकडे प्रयोगशाळा आहे, नाव आहे. आमच्याकडे काय आहे? भिंती, त्याही अजून ओल्या. आपण वडील आहात, आपलं ऐकते का पाहा.”

एवढं बोलून त्यांनी मुलांना पुढच्या विहिरीकडे पिटाळलं आणि स्वतःही गेल्या. दोघंच राहिले. बद्रीनाथ कठड्यावर बसला.

घरची ओढाताण पाहून ही माघार घेतेय, असं त्याला वाटलं. त्याने तसं विचारलंही. ती नाही म्हणाली. इथे ओळखी झाल्या म्हणून? तेही नाही. दोन वर्षांनी पस्तावशील, तो म्हणाला. पस्तावले तर माझी मी पस्तावेन, तुम्हाला बोल लावणार नाही, ती म्हणाली. मग त्याच्याशेजारी कठड्यावर बसून तिने पाय वर घेतले आणि ती चिखल काठीने खरवडू लागली.

“तिकडच्या मुलाखतीत वडील काय करतात विचारलं होतं,” ती खाली बघतच बोलली. “मी म्हटलं, वाहतूक व्यवसाय.”

बद्रीनाथने मान हलवली. “बरोबरच सांगितलं.”

“इथे पहिल्या दिवशी मॅडमनी तालुक्याचा नकाशा लावला. विचारलं, यातल्या विहिरींबद्दल कुणाला काही माहीत आहे का. कुणी बोलेना. मग मी उठले. लहानपणी सुट्टीत तुमच्या शेजारी बसून हिंडायचे ना मी? वाघोलीची कोणती विहीर मार्चमध्ये तळाला जाते, केसनंदच्या कोणत्या बोअरचं पाणी मचूळ लागतं, कुठे रात्रीत पुन्हा भरतं, सगळं सांगितलं. मॅडम लिहून घेत होत्या. म्हणाल्या, हे आमच्या खात्याच्या कागदांत नाही, तुला कुणी सांगितलं? मी म्हटलं, माझे वडील टँकर चालवतात.”

ती थांबली. काठी तिने बाजूला ठेवली.

“आजवर कुठल्याच वर्गात मी ते सांगितलं नव्हतं, बाबा. इथे सांगितलं आणि त्यानंतर मॅडम मला रोज काहीतरी विचारतात. मला इथेच शिकायचंय.”

बद्रीनाथने विहिरीत डोकावून पाहिलं. पाणी स्वच्छ होतं. ही विहीर त्याने याआधी पाहिली नव्हती, कारण या बाजूला त्याची खेप कधी नसायची. त्याने खिशातून रुमाल काढून चेहरा पुसला, मग मान पुसली, मग पुन्हा चेहरा.

“पाचला अजून चार तास आहेत,” पूर्णिमा म्हणाली. “तुम्हाला विचार करायचा असेल तर करा. तुमच्या मनाविरुद्ध मला नाही कळवायचं.”

पलीकडच्या विहिरीवरून कुणीतरी तिला हाक मारली. एक म्हातारा शेतकरी हातवारे करत विचारत होता, “ताई, माझी हीर मोजाया येताय ना? का तशीच ठेवायची?” ती उठली, ओढणी कमरेला बांधली आणि टेप घेऊन निघाली. दहा पावलांवर वळून तिने त्याच्याकडे पाहिलं.

“जा,” बद्रीनाथ म्हणाला. “म्हाताऱ्याला थांबवू नको.”

तो कालव्याच्या भरावावर चढला. वर पोचल्यावर फोनला रेंज आली. सकाळचा नंबर शोधून त्याने लावला. खाली उसापलीकडे पूर्णिमा दुसऱ्या विहिरीवर वाकलेली दिसत होती आणि म्हातारा तिला हाताने काहीतरी दाखवत होता.

“पूर्णिमा इंगोलेचा बाप बोलतोय,” तो म्हणाला. “ती नाही येणार. तिला चांगल्या ठिकाणी मिळालंय.”

“नक्की ना?” बाईंनी विचारलं. “एकदा नाव काढलं की पुन्हा घालता येत नाही. पाचपर्यंत वेळ आहे तुम्हाला.”

“नक्की.”

पलीकडे बोटं कीबोर्डवर चालल्याचा आवाज आला. मग बाई म्हणाल्या, ठीक आहे, नोंद केली. आता चौथ्या नंबरला संध्याकाळी कळवू.

“मॅडम,” बद्रीनाथ म्हणाला, “संध्याकाळी काहून? आत्ताच लावा ना फोन. जूनपासून रोज बघत असतील ते.”

“लावते,” त्या म्हणाल्या. “लगेच लावते, काका.”