गौरीचं डोहाळजेवण

झरीच्या भुजंगरावांच्या अंगणात मांडव घातला होता आणि त्यात नवरी नव्हती, गाय होती. गौरी, सात महिन्यांची गाभण. शिंगांना गोंडे, पाठीवर हिरवी साडी, पुढ्यात पुरणपोळीचं ताट. गाईचं डोहाळजेवण हल्ली आपल्याकडे नवं राहिलेलं नाही. भुजंगराव ते मनापासून करत होते, हे आधीच सांगून टाकतो. गोठ्यात डास झाले की धूर करायला ते स्वतः उठत. ढोंगी माणसाचा राग करणं सोपं असतं. हा माणूस ढोंगी नव्हता, म्हणूनच मला त्याची जास्त भीती वाटते.

आत स्वयंपाकघरात त्यांची सून अर्पिता पोळ्या लाटत होती. तिला चौथा महिना होता, पण घराबाहेर कुणाला याचा पत्ता नव्हता. आठवड्यापूर्वी तिला शेजारच्या जिल्ह्यात नेऊन कुठल्याशा बंद खोलीत चोरून तपासणी केली होती. घरी आल्यावर सासूने, चतुराबाईंनी, नातीकडे, अबोलीकडे बघत एवढंच म्हटलं होतं, "आनिक एक." आज पंगत उठली की जीप निघणार होती. चतुराबाईंनी पिशवीत जुनी लुगडी भरून ठेवली होती. नवरा, महारुद्र, सकाळपासून तिच्याकडे बघतच नव्हता.

"आत्याबाई, मला न्हाई जायचं," अर्पिता पुन्हा म्हणाली.

"गुमान ऱ्हा. पाव्हणे बसलेत. उगं तमाशा करू नको."

बाहेर भुजंगरावांनी माईक हातात घेतला. पंचायत समितीची निवडणूक तोंडावर आली होती.

"मुक्या जनावराच्या पोटातला जीवबी देवाचाच हाय! आन् मानसं काय करायलेत? दवाखान्यात जाऊन जीव मारायलेत! मी सरकारकडं मागनी करनार, गर्भपाताचा कायदाच बंद करा!"

टाळ्या पडल्या. मग ओटीची वेळ झाली आणि पहिला मान घरच्या सुनेचा. अर्पिता ताट घेऊन गाईपुढे उभी राहिली. गौरीने तिचा हात चाटला. बायका हौसेने म्हणाल्या, "कालवड होऊ दे गं माय! कालवडच होऊ दे!"

"व्हनारच! घरात लक्ष्मी येनार," भुजंगराव हसले.

अर्पिताने ताट खाली ठेवलं.

"मामा, मलाबी दिवस गेलेत," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "माझ्याबी पोटात पोरगी हाय. आन् ती जीप मला पोट पाडायला न्यायला उभी हाय."

"येडी झाली का? आत चल!" चतुराबाई धावल्या.

भुजंगराव मात्र चिडले नाहीत. "ती सभेतली गोष्ट, सूनबाई. ही घरातली. घरातलं मांडवात बोलू न्हाई," ते शांतपणे म्हणाले.

"तुमी कायदा बंद करा म्हन्ता. नका करू, मामा. एखादीच्या जिवावर बेतलं, तिला खरंच नको आसलं, तर तिनं कुठं जावं? पन मला हे लेकरू पायजे. हिकडं काय आन् तिकडं काय, बाईला कुनी इचारतच न्हाई!"

"चला, जेवणं झाली," कुणीतरी पुटपुटलं. माणसं चपला शोधू लागली. कालवड मागणाऱ्या त्याच बायका पदर सावरत उठल्या. ड्रायव्हरने जीप सुरू केली. महारुद्रने अर्पिताचं मनगट धरलं.

"जाऊ नका ओ," ती ओरडली. "तुमी गेलात की हे मला नेतील."

शेजारच्या लक्ष्मीबाई फाटकापर्यंत पोचल्या होत्या. त्या थांबल्या, मागे फिरल्या आणि जीपच्या पुढ्यात मातीत बसल्या.

"मी न्हाई जात. न्यायचं तर माज्या अंगावरून न्या."

ही बाई शूर वगैरे नव्हती, चांगलीच घाबरली होती. तरी उठली नाही. फाटकाशी बाकीची माणसं घुटमळली. कुणी जमिनीकडे बघत होतं, कुणी भुजंगरावांकडे.

वाचकहो, आपल्यातले बहुतेक जण त्या फाटकातच उभे आहेत. दुसऱ्याच्या घरातलं आपल्याला काय, असं मनाशी म्हणून घरी जाणं काही अवघड नाही. आत यायचं की जायचं, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण लवकर ठरवा, कारण महारुद्रने तिचं मनगट अजून सोडलेलं नाही.