बिननावाची नदी

पाण्याला भ्यायचं असतं, हे हंबीररावांना कुणी शिकवलंच नव्हतं. शिरोळ तालुक्यात कृष्णेच्या काठाला जन्म, त्यात बाप नावाडी. दोन हजार एकोणीसच्या पुरात या माणसानं रस आटवायच्या काहिलीत माणसं बसवली आणि ती लोखंडी काहील पोहत ढकलत अख्खी गल्ली कोरड्या जमिनीला लावली. तेव्हा वय होतं छप्पन. पुढं ग्रामपंचायतीनं शाल-नारळ दिला, फोटो छापून आला, आणि खोटं कशाला बोला, ते त्यांना चांगलंच चढलं. विहिरीत कुणी पोहत असलं की हे काठावर उभे राहून चुका काढणार. पाण्यातलं आपल्याला कुणी सांगावं, हे त्यांना खपतच नसे.

समुद्र मात्र त्यांनी एकदाच बघितला होता, लग्नानंतर गणपतीपुळ्याला, तोही दर्शनाच्या रांगेतून. तसा तो बघितल्यात जमा नव्हता.

तर झालं असं, की नात संयोगिता, कोल्हापुरात कॉलेजला असलेली, हट्टाला पेटली. तिला लाटेवर फळी टाकून उभं राहायला शिकायचं होतं. सर्फिंग म्हणतात त्याला. मालवणच्या अलीकडं एका किनाऱ्यावर ते शिकवतात, असं तिनं मोबाइलवर शोधून ठेवलं होतं. तिची आई काही केल्या तयार होईना. एकुलती एक पोर, बापामागं वाढवलेली, तिला समुद्रात धाडायची म्हणजे काय? शेवटी हंबीरराव मध्ये पडले. सुनेला म्हणाले, "पाण्याची जबाबदारी माझी. पोरीला जशी नेतो तशी आणून तुझ्या हातात देतो." सासऱ्यानं शब्द दिल्यावर सून काय बोलणार?

ऊसतोड लागायच्या आत, दिवाळीच्या सुट्टीत तिघं निघाले. तिसरा म्हणजे हंबीररावांचा मेव्हणा सयाजी. गाडी त्याची, आणि गाडीत मासे धरायचे गळ आणि कणकेचा डबा. समुद्रातला मासा कणीक खातो का, हे विचारायच्या भानगडीत तो पडला नव्हता. गगनबावड्याचा घाट उतरून सकाळी साडेआठला ते किनाऱ्याला लागले.

सुरूच्या झाडांतून बाहेर आले आणि हंबीरराव जागच्या जागी थांबले. पलीकडचा काठच नव्हता. आयुष्यभर ज्या माणसानं पाणी बघितलं की आधी पलीकडचा काठ शोधला, त्याची नजर नुसती पुढं पुढं जात राहिली आणि कुठंच टेकली नाही. लाट उभी राहायची, हिरवी व्हायची, फुटायची, आणि तिचा आवाज पायाखालच्या वाळूतून वर यायचा. त्यांना वाटलं, हात जोडावेत. पण मेव्हणा बघत होता, म्हणून नाही जोडले.

किनाऱ्यावर लाल-पिवळे दोन झेंडे वाळूत रोवलेले होते. हंबीररावांना वाटलं, कुणा पुढाऱ्याचा दौरा असेल. झेंड्यांपाशी तांडेल नावाचा जीवरक्षक उभा होता. तिथलाच, तिशीतला, गळ्यात शिट्टी, अंगानं काडीपैलवान. सर्फिंगही तोच शिकवत होता, पण नऊनंतर. त्याला बघून सयाजी हळूच म्हणाला की हा माणूस बुडणाऱ्याला बाहेर काढणार, का बुडणारा ह्याला?

तेवढ्यात सयाजीच गळ घेऊन कडेच्या काळ्या खडकावर जाऊन बसला, आणि तांडेल शिट्टी फुंकत तिकडं धावला. खडक ओला आहे म्हणजे लाट तिथवर येते, आता दिसत नसली तरी येते, पाठ फिरवून तर बसूच नका, असं तो समजावत होता. सयाजी खडकावरून उतरायला तयार नव्हता. हुज्जत चांगली लांबली.

इकडं संयोगिताला दम निघेना. नऊ वाजेपर्यंत जरा भिजून येते म्हणाली. कुठं उतरू, म्हणून तिनं आजोबांना विचारलं.

हंबीररावांनी डोळे बारीक करून पाणी वाचलं. झेंड्यांच्या मधे लाटा फुटत होत्या, नुसता पांढरा फेस. पलीकडंही तसंच. पण झेंड्यांपासून पन्नास पावलांवर मधेच एक पट्टा होता, बैलगाडीची वाट असावी तेवढा रुंद, जरा गढूळ, गप्प. एकही लाट फुटत नव्हती तिथं. कृष्णेत जिथं पाणी पांढरं तिथं खाली दगड, आणि जिथं गप्प तिथं म्हशी धुवायच्या, हे त्यांना पाचव्या वर्षापासून ठाऊक. त्यांनी बोट दाखवलं. "तितं उतर. कंबरंच्या फुडं जाऊ नगंस."

पोर उतरली. आधी गुडघ्याला पाणी, मग कमरेला. मागं वळून हात हलवला तिनं. हंबीरराव वाळूत बसले, मोबाइल काढला, सुनेला पाठवायला एक फोटो घेतला. फोटो नीट आला का बघितला आणि मान वर केली, तर नात होती तिथं नव्हती. चांगली तीस हात आत गेलेली. आणि ती बाहेर यायला पोहत होती! तोंड काठाकडं, हात जोरात, आणि जात होती मात्र मागं.

हंबीरराव ताडकन उठले. सदरा ओढून फेकला आणि पाण्याकडं धावले. शब्द दिला होता सुनेला, आणि पोरीला तिथं धाडली होती ती आपणच, दुसऱ्या कुणी नाही! पाण्याला पाय लागतोय तोवर मागून कुणीतरी दंड धरला. तांडेल होता, काखेत फळी.

"काका, तुम्ही गेलात तर मला दोघांना आणावं लागेल, आणि मी एकटा आहे," तो म्हणाला. "तिच्यावरची नजर काढू नका. हात लांब करून ती आहे तिकडं दाखवत राहा. लाटेत गेलो की मला ती दिसणार नाही." एवढं बोलून तो फळीवर पालथा पडला आणि हातानं पाणी मारत निघालासुद्धा.

हंबीररावांनी हात लांब केला. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी बुडत होतं आणि ते काठावर. नजर काढायची नाही म्हणून ते बघत राहिले, आणि बघता बघता त्यांना दिसलं. फेसाचे तुकडे त्या पट्ट्यातून आत चालले होते. एक नारळाचं सोडण, वरचं सालपट, चाललं होतं, सरळ, सावकाश, खोल समुद्राकडं. दोन्हीकडून लाटा पाणी काठाला आणून टाकत होत्या, आणि ते सगळं पाणी ह्या एका वाटेनं परत जात होतं. अरे, ही तर नदी! समुद्राच्या आत नदी, पुराची, उलट्या अंगानं वाहणारी. आणि तिला काठ होते. दोन्ही बाजूंचा तो पांढरा फेस, ज्यापासून त्यांनी पोरीला लांब ठेवलं होतं, तेच तिचे काठ.

पोर नदीला तोंड देऊन लढत होती. पुरात असं कुणी लढत नाही. हंबीरराव ओरडले, पण लाटांपुढं आवाज दोन हातसुद्धा गेला नाही. मग त्यांनी पुरात करतात तसं केलं. पुराच्या आवाजात हाक ऐकू येत नाही, म्हणून त्यांच्याकडं काठ हातानं दाखवतात. तांडेलसाठी धरलेला हात तसाच ठेवून त्यांनी दुसरा हात खांद्यातून आडवा टाकला, झेंड्यांच्या बाजूला, आणि नात दिसत राहील असं तिरकं तोंड ठेवून काठाकाठानं त्याच बाजूला पळत सुटले. पुन्हा मागं, पुन्हा तोच आडवा हात. बासष्ट वर्षांचा उघडा माणूस वाळूत असा पळताना बघून लोक थांबले.

संयोगिताचे हात थांबले. एक क्षण तिचं डोकंच दिसेना. मग डोकं वर आलं. ती उताणी झाली, दम खाल्ला, आणि वळली. काठाकडं पाठही नाही आणि तोंडही नाही, नीट आडवी पोहू लागली, झेंड्यांच्या बाजूच्या फेसाकडं. फेसाला टेकली तसा तांडेल तिथं पोचला. त्यानं तिला फळीवर घेतलं, आणि मागून आलेल्या लाटेनं दोघांना उचलून पार उथळ पाण्यात आणून ठेवलं.

ती खोकत होती, थरथरत होती, पण धडधाकट होती. आजोबांच्या गळ्यात पडून एवढंच म्हणाली, की तुमचा हात दिसला. हंबीररावांना रडू आलं. ते त्यांनी लपवलं नाही, मेव्हणा बघत होता तरी.

"माझं चुकलं, पोरी," ते म्हणाले. हे वाक्य सयाजीनं चाळीस वर्षांत त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

बराच वेळ ते नुसते पाण्याकडं बघत बसले. लोकांना वाटलं, म्हातारा खजील झालाय. खजील होतेच, पण त्याहून जास्त थक्क होते. तांडेल चहा घेऊन आला तेव्हा त्यांनी विचारलं, "पावणं, ह्या नदीचं नाव काय?"

तांडेल हसला. नाव कुणी ठेवलेलं नाही म्हणाला. वाळू सरकली की तीही सरकते. आज इथं आहे, उद्या तिकडं असेल, परवा नसेलही. म्हणून रोज पहाटे तो पाणी बघतो आणि मग जिथं उतरायला धोका नाही तिथं झेंडे रोवतो. एवढी ओढ असलेली नदी, तिला गाव नाही, घाट नाही, आणि संध्याकाळपर्यंत ती जागेवर राहील याचाही भरवसा नाही. हंबीररावांनी ह्या खेपेला सगळ्यांदेखत हात जोडले.

ऊन चढलं. झेंड्यांच्या मधे शिकणाऱ्यांची रांग लागली. संयोगिताचे केस वाळले होते, आणि तिची नजर पुन्हा पुन्हा फळ्यांकडं जात होती. आजोबांनी आईला दिलेला शब्द तिलाही ठाऊक होता. शेवटी तिनं धीर करून विचारलं, "आबा, जाऊ का?"

हंबीरराव तोंड उघडून काहीतरी सांगणारच होते. सवयच ती. पण थांबले.

"मला इचारू नगंस. त्यास्नी इचार," ते तांडेलकडं बघत म्हणाले. पोर उठून चालू लागली तशी त्यांनी मागून हाक मारली. "आनि माझंबी इचार की."