माटोळीतलं सफरचंद

मित्रांनो, जरा वर बघा. पंख्याकडे नको, त्याच्या अलीकडे. गोव्यातल्या लाटंबार्से गावी दत्तारामच्या घरात जिथे गणपती बसतो, त्या चौरंगाच्या बरोबर माथ्यावर चार दोऱ्यांना टांगलेली एक लाकडी चौकट दिसते ना? ती मी. मी एक जुनी माटोळी आहे. वर्षाचे तीनशेसाठ दिवस मला कुणी विचारत नाही. कोळी येतात, जाळी विणतात, मुक्काम ठोकतात. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, जवळ आली की मात्र मला पुसून काढतात आणि रानातली फळं, फुलं, शेंगा माझ्या पट्ट्यांना बांधतात. मग पाच दिवस गणपतीच्या डोक्यावर सावली धरायची, हे माझं काम.

बाबाजी मेस्ताने मला घडवलं. कड फणसाची, मधल्या पट्ट्या पोफळीच्या, एकही खिळा नाही. "ही मोडली तर माझा नाव बदला," असं तो म्हणाला होता. बिचारा गेला, मी अजून आहे. दत्तारामच्या बापाच्या काळातली मी, म्हणून दत्तारामला अरे-तुरे करते. आता त्याने साठी ओलांडली आहे, पण मी त्याला शेंबडा असताना पाहिलंय.

वरून टांगलेलं असण्याचा एक फायदा सांगते. माणसांचे टाळू दिसतात आणि हल्ली त्यांचे मोबाइलही दिसतात. खाली बसलेला माणूस समजतो की आपण काय लिहितो ते कुणाला कळत नाही. मला सगळं कळतं!

तीन वर्षांपूर्वी दत्ताराम एका माटोळीच्या ग्रुपमध्ये गेला. डिचोलीचा परेश तो ग्रुप चालवतो. डिचोली, पेडणे, पलीकडे सिंधुदुर्गातली माणसं त्यात आहेत. चवथीला प्रत्येकाने आपल्या माटोळीचा फोटो टाकायचा, बाकीच्यांनी अंगठे द्यायचे. आवडली तर वरचा, नावडली तर खालचा. चौथ्या दिवशी संध्याकाळी ज्याचे अंगठे जास्त, त्याच्या माटोळीचा फोटो वर्षभर ग्रुपच्या तोंडावर.

सलग दोन वर्षं तो फोटो माझा होता. खोटं कशाला बोलू, मला गुदगुल्या झाल्या. उभा जन्म काळोखात काढलेल्या लाकडाला शंभर अंगठे मिळाले तर ते फुगणारच की!

दत्ताराम सुरुवातीला फार चांगलं लिहायचा. कुणी विचारलं की सांगायचा, ही घागरी, हिच्या शेंगा वाऱ्यावर खुळखुळतात. ही माट्टीची फळं, झाड उंच असतं, जपून काढा. दोरी प्लास्टिकची नको, केवणीच्या सालीची वळा. माणसं नमस्कार करायची. पण मी वरून एक गोष्ट पाहत होते. फळाचं नाव सांगितलं की पाच-सहा अंगठे यायचे. कुणाला चिमटा काढला की पन्नास. हळूहळू नावं कमी झाली आणि चिमटे वाढले. लोकांनी हरभऱ्याच्या झाडावर चढवलं, आणि रानातल्या एकूण एक झाडाची पारख असलेला हा माणूस नेमका त्या झाडावर जाऊन बसला.

गेल्या चवथीला माझ्या अंगावर एकसष्ट जिन्नस होते. दुपारची आरती झाली, पानं वाढली, आणि दत्ताराम माझ्याखाली कदेल, म्हणजे खुर्ची, ओढून मोबाइल घेऊन बसला. पेडण्याहून एक नवा फोटो आला होता. गौरवी नावाच्या मुलीचा. चौकट माझ्यासारखीच जुनी, पण अंगावर काय? नारळ, सुपारीचा एक घोस, काकडी, केळी आणि मधोमध दोन सफरचंदं. बांधायला हिरवी प्लास्टिकची दोरी. एक कोपरा तर अगदी रिकामा.

दत्तारामने दोन बोटांनी फोटो मोठा केला. एका सफरचंदावर दुकानातला स्टिकर तसाच होता. तो हसला आणि लिहिता झाला, "सफरचंद रानात कधीपासून धरूक लागला? त्येच्यार कंपनीचो शिक्को पण आसा!"

बाप रे, काय हसली माणसं! त्रेसष्ट हसरे चेहरे. मग एकेक जण सरसावला. कुणी म्हणालं, पुढच्या वर्षी पिझ्झा टांगा. कुणी तिचं नावच 'सफरचंदबाय' ठेवलं. खालचे अंगठे धडाधड पडू लागले. आणि मित्रांनो, मीही मनातल्या मनात हसले. माझ्या जातीतलीच एक चौकट सगळ्यांसमोर उघडी पडत होती आणि मला वाटत होतं, बरं झालं, माझा नंबर पक्का.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो फोटो नाहीसा झाला होता. गौरवीही ग्रुप सोडून गेली होती.

"आजकालच्या पोरांक काय बोलूची सोय नाय," दत्ताराम म्हणाला.

त्याची बायको सुशीला दूर्वा निवडत होती. ती म्हणाली, "तुमी बोललास खंय? तुमी हसलास."

संध्याकाळी परेशचा फोन आला. दत्तारामला कमी ऐकू येतं, म्हणून त्याचा फोन नेहमी मोठ्या आवाजावर असतो. परेशचा आवाज अख्ख्या घराला ऐकू आला.

"दत्तारामबाब, ता पेडण्याचा चेडू, गौरवी, भिकाजीचा. तेचो बापूस श्रावणात माट्टीच्या झाडावरसून पडलो, पाय मोडलो, खाटीर आसा. औंदा सगळा तिणेच केला. दुकानात कामाक जाता, चवथीच्या आदल्या सांजेक सुटला, बाजारात ऱ्हवलला ता घेवन इला. काल राती तिणे माटोळी सगळी सोडून काढली. गणपती आसा, आणि वर नुसती चौकट."

"विसर्जन कधी?" दत्तारामने विचारलं.

"तुमच्यासारखाच. पाचव्या दिसा."

दत्तारामने फोन ठेवला. रात्री पानातली नेवरी, म्हणजे करंजी, त्याने मोडलीसुद्धा नाही. गणपती बसलेला असताना माटोळी सोडून काढायची, असं मी माझ्या आयुष्यात ऐकलं नव्हतं. त्या पेडण्याच्या चौकटीला काय वाटलं असेल? खाली देव, समया पेटलेल्या, येणारे-जाणारे मान वर करून बघणार, आणि अंगावर एक पान नाही. हसले होते ना मी, आता माझीच मला लाज वाटली.

सुशीला ताट उचलायला आली ती तिथेच बसली. "पार्वतीकाकीन माका काय सांगितल्यान, आठवता?" तिने विचारलं.

दत्तारामला आठवत नसलं तरी मला आठवत होतं. तो अठरा-एकोणीस वर्षांचा असताना त्याचा बाप तापाने अंथरुणाला खिळला होता. चवथीला रानात जायला दुसरं कुणी नव्हतं, आणि याला तेव्हा घागरी कुठली आणि कवंडळ कुठलं हे ठाऊक नव्हतं. माझ्या अंगावर त्या वर्षी चार वस्तू होत्या, चार! गणपती बघायला पहिली आली ती शेजारची पार्वती. तिने वर बघितलं, हात जोडले आणि एक अक्षर न बोलता परत गेली. पोर दाराआड जाऊन रडलं. पण अर्ध्या तासाने पार्वती परसातलं तोरिंजन, लिंबाच्या जातीचं मोठं फळ, घेऊन आली, कदेलावर चढली आणि माझ्या रिकाम्या कोपऱ्यात ते बांधून गेली. मग वाड्यावरचा जो येईल तो काहीतरी घेऊन आला. दिवेलागणीपर्यंत माझ्या दोऱ्या भाराने ताणल्या होत्या. पुढे सुशीला लग्न होऊन आली, तेव्हा पहिल्याच चवथीला पार्वतीने तिला या वाड्याची रीत सांगितली.

सुशीलाने ती आता तशीच्या तशी म्हणून दाखवली, "रिकामो कोनो दिसलो तर तोंड उघडूचा न्हय, हातात दोरी घेवची."

तिसऱ्या दिवशी पहाटेच दत्ताराम कदेलावर चढला. मला वाटलं, सुकलेली पानं काढतोय. पण तो माझ्या गाठी सोडू लागला. माट्टीची फळं, घागऱ्यांचा झुबका, कवंडळं, करमळं, जी मिळवायला तो चार डोंगर हिंडला होता नेमकी तीच.

"अवो, काय करतात? देवाच्या माथ्यावयला काढतात?" सुशीला घाबरली.

"देवाच्याच माथ्यार बांधूक नेतंय," तो म्हणाला.

मित्रांनो, खरं सांगते, मला राग आला. उद्या संध्याकाळी मतांचा निकाल, आणि हा माझे दागिने काढून नेतोय! मधोमध एवढं मोठं भोक पडलं. त्याने पिशवी भरली, केवणीची दोरी वर ठेवली आणि निघाला. मोबाइल मात्र माझ्याखाली चौरंगाजवळ ठेवून गेला. दिवसभर तो उजळत होता, विझत होता. माझे अंगठे वाढत होते, आणि बघायला खाली कुणी नव्हतं.

तीन बसगाड्या बदलून तो गेला, आणि तीन बदलून दिवेलागणीला परत आला. पाय धुऊन माझ्याखालीच बसला आणि सुशीलेला सगळं सांगू लागला.

"चेडवानच दार उघडल्यान आणि माका वळखल्यान. म्हणता कसा, 'फोटो काढूक इल्यात?' मी दोनय हात दाखयले. फोन नाय, म्हटलंय. चुकलंय, म्हटलंय. ता दार आडवून उभा."

"मगे?"

"भिकाजी खाटीवरसून म्हणालो, 'येवंदे गो तेका.' मी चढलंय, बांधूक लागलंय. ता दारात उभा, हाताची घडी घालून. शेवटच्या कोन्यात माजो हात पावना. तेवा खंय स्टूल आणल्यान आणि म्हणाला, 'उतरा, तुमी पडशात. मी बांधतंय.'" मग तो हळूच म्हणाला, "गो, कपाटार एक वही होती तेची. मी ग्रुपात सांगितललीं झाडांचीं नावां, सगळीं. तारीख घालून लिवलीं आसत. आणि त्याच चेडवाक मी..."

सुशीलाने पाण्याचा तांब्या पुढे केला.

मग त्याने पिशवीत हात घालून सफरचंद बाहेर काढलं. तेच, स्टिकरवालं. निघताना गौरवीने त्याच्या हातावर ठेवलं होतं आणि विचारलं होतं, "रानातला न्हय हां. चलता?"

दत्ताराम पुन्हा कदेलावर चढला. माझ्या मधल्या भोकात, जिथे सकाळपर्यंत माट्टीची फळं होती, तिथे त्याने ते सफरचंद केवणीच्या दोरीने बांधलं. स्टिकर समोर येईल असं फिरवलं. फोटो काढला, जुना फोटो पुसून हा टाकला आणि खाली लिहिलं, "पेडण्याच्या गौरवीच्या गणपतीकडचं सफरचंद आमच्या माटोळीला आलं. परवा मी तिला हसलो. ती चूक माझी."

मग एकाने विचारलंच, "दत्तारामबाब, सफरचंद रानात कधीपासून?" त्यावर पुन्हा हसरे चेहरे आले, या वेळी आमच्यावर. दत्तारामने ते वाचलं आणि मोबाइल पालथा ठेवला. निकालाच्या दिवशी माझ्या वाट्याला चौदा अंगठे होते. ग्रुपच्या तोंडावर आमोणे गावच्या कुणाची तरी माटोळी लागली. छान होती, मला मान्य आहे.

विसर्जन झाल्यावर सफरचंद प्रसाद म्हणून कापलं. स्टिकर मात्र दत्तारामने सोलून माझ्या मधल्या पट्टीवर चिकटवला. तो अजून तिथे आहे.

यंदा श्रावणात परेशने गौरवीला पुन्हा ग्रुपमध्ये घेतलं. बरेच दिवस ती काही लिहीत नव्हती. परवा तिने एका शेंगेचा फोटो टाकून विचारलं, "ह्या शेंगेचं नाव काय?" दत्तारामने नाव लिहिलं. एवढंच लिहिलं. पाच अंगठे आले आणि त्याला ते पुरले.

मित्रांनो, चूक दिसली तर बोलूच नये, असं मी म्हणत नाही. माझ्या अंगावर कवंडळ टांगतात ना, ते कडू जहर असतं. त्याच्याशिवाय माटोळी पुरी होत नाही. पण तेसुद्धा दोरीने नीट बांधतात, कुणाच्या डोक्यात फेकून मारत नाहीत. तुमच्या हातात आता मोबाइल आहे आणि अंगठा तर जन्मापासूनच आहे. तो खाली करण्याआधी एकदा बघा, पलीकडच्या घरात कुणी एकट्याने कदेलावर चढून काहीतरी बांधत असेल. तिथला कोपरा रिकामा दिसला, तर तुमच्याकडचं एखादं फळ सोडून बांधा.

आणि कधी लाटंबार्श्याला आलात तर आमच्याकडे या. वर बघा. माझ्या मधल्या पट्टीवरचा स्टिकर दिसला की नवखा माणूस विचारतोच, हा कसला? दत्ताराम दर वेळी तेच सांगतो, "माका एकदा खरो पयलो नंबर मेळलो, तेचो."