ताडकळसचं नाडीयंत्र

गेले दोन महिने ताडकळसच्या बाजारात भाजी कमी आणि माणसं जास्त दिसत होती. एसटीतून उतरलेला माणूस पिशवी काखेत मारून थेट बाजारतळामागच्या मांडवाकडे पळायचा. मोटारसायकलींवर तिघं-तिघं यायची, मधे बसलेली म्हातारी उतरवली की चालवणारा पुन्हा दुसरी आणायला जायचा. मांडवात रांग, रांगेच्या टोकाला एक कपाट, आणि कपाटात म्हणे साक्षात धन्वंतरी.

कपाट कसलं, वजनकाटा होता तो. पूर्वी बसस्टँडवर नाणं टाकलं की दिवे लुकलुकायचे आणि तिकिटाच्या पाठीवर भविष्य छापून यायचं, तसला मोडीत निघालेला काटा. त्याला भगवा रंग फासला होता. पोटाला मनगट जाईल एवढं भोक, डोक्यावर स्पीकर आणि कपाळावर 'श्री संजीवनी नाडीयंत्र' अशी पाटी. माणसानं भोकात हात घातला की दिवे पळायचे आणि आतून घोगरा आवाज यायचा, "माउली, आपल्या गुडघ्यात वात भरला आहे. पायऱ्या चढू नका. जुनी औषधे बंद करा. दवाखान्याची वाट विसरा." मग खालच्या कप्प्यात टपकन रंगीत पुडी पडायची.

"न इचारता वळखलं की हो!" रांगेतली बाई डोळे पुसत म्हणायची. "डागदर तर मान बी वर करत न्हाई."

शेजारच्या गादीवर यंत्रनाथ महाराज बसलेले असत. अंगावर भगवं रेशीम, कानाला ब्लूटूथ. "अमेरिकेचं सायन्स जिथं थकतं, तिथून आपल्या ऋषींचं सुरू होतं," ते माईकवर सांगायचे. "ही क्वांटम नाडी आहे. माणूस चुकतो, यंत्र चुकत नाही. माणूस पैसे खातो, यंत्र खातं का?" लोक माना डोलवायचे. क्वांटम म्हणजे काय हे महाराजांना ठाऊक असतं, तर ते या मांडवात कशाला घाम गाळत बसले असते? पण ते विचारणार कोण!

विचारायला हवं होतं रेणुकानं. तिनंही विचारलं नाही, आणि हे तिला नंतर फार लागलं.

रेणुका चौकातल्या किशनरावांच्या मेडिकलवर फार्मासिस्ट होती. नवरा भागवत पुण्याला कंपनीत, घरी ती आणि सासू दगडाबाई. दुकानाच्या भिंतीवर काचेत रेणुकाचं सर्टिफिकेट लटकत होतं आणि किशनरावांच्या लेखी तिचा उपयोग तेवढाच होता. वर्षभरापूर्वी त्यांनी नवा कॉम्प्युटर बसवला. कोणतं औषध कोणत्या कप्प्यात, कोणाची मुदत संपत आली, कशाच्या बदली काय देता येईल, सगळं तो सांगायचा. प्रत्येक बिलाखाली 'फार्मासिस्ट : रेणुका' हे आपोआप छापलंही जायचं, मग ती दुकानात असो वा नसो. "आता तुझं डोकं कशाला शिणवतीस?" किशनराव म्हणायचे. "मशीन बोलतंय, तू नुसती पिशवी बांध." रेणुका आधी गिऱ्हाइकाला चार गोष्टी विचारायची. पोटात काही आहे का, दुसरी गोळी चालू आहे का, चक्कर येते का. त्यात वेळ जातो म्हणून किशनराव डाफरायचे. हळूहळू तिनं विचारणं सोडलं.

दगडाबाईही यंत्राला हात दाखवून आल्या होत्या. त्यांना दहा वर्षांची साखर, त्यात गुडघे धरलेले. दुसऱ्याच दिवशी म्हातारी टुणटुणीत झाली. महिन्याभरात भूक वाढली, गाल भरले, तोंडावर तेज आलं. "अंग धरलं बघ," शेजारणी म्हणाल्या. आणि फार्मसी शिकलेली रेणुकासुद्धा म्हणाली, "आत्याबाई, तब्येत लय सुधारली तुमची."

एका दुपारी येडबा धनगर दुकानात धावत आला. त्याची मेंढरं-शेळ्या मांडवामागच्या माळावर चरायची. त्याच्या मुठीत गोळ्यांच्या पाकिटांची रिकामी, अर्धवट जळालेली चंदेरी पानं होती.

"ताई, ह्ये कशाचं हाय बगा. महाराजाच्या मांडवामागं ढीग हाय ह्येचा. माझ्या शेळीनं दोन पानं चावली. मरती का काय ती?"

"शेळीला काही व्हत न्हाई, रिकामी पानं हायत," रेणुका म्हणाली आणि पान उजेडाला धरलं. त्यावरचं नाव तिनं दोनदा वाचलं. ते स्टेरॉईड होतं. वाईट औषध नव्हे ते. योग्य वेळी माणसाचा जीव वाचवतं, पण डॉक्टरांनी मोजून द्यावं आणि मोजूनच थांबवावं असं. दुखणं कोणतंही असो, ते दोन दिवसांत दाबून टाकतं. भूक वाढवतं, तोंड सुजवतं आणि साखर आभाळाला नेतं. गावभर ज्याला तेज म्हणत होते, ती सूज होती.

पानाच्या कडेला बॅच नंबर शाबूत होता. तिनं तो कॉम्प्युटरमध्ये टाकला. मशीननं क्षणात उत्तर दिलं, कारण त्याला लपवाछपवी शिकवलेली नव्हती. माल याच दुकानातला होता. खोकीच्या खोकी गेली होती, आणि प्रत्येक बिलाखाली तिचं नाव होतं.

ती उठली आणि घरी पळाली.

दगडाबाई ओट्यावर बसून तिसऱ्यांदा तांब्या तोंडाला लावत होत्या. रेणुकानं त्यांचं लुगडं घोट्यापर्यंत वर केलं. डाव्या अंगठ्याशी बाभळीचा काटा लागून झालेली जखम काळी पडली होती. बोट टोचून तपासलं तर साखर चारशे ऐंशी.

"आत्याबाई, साखरंच्या गोळ्या कुठं हायत तुमच्या?"

"दिल्या टाकून. यंत्र म्हनलं जुनं बंद कर."

"चला, परभणीला जायचं. आत्ताच्या आत्ता. पाय जाईल तुमचा."

"म्या न्हाई यायची. दवाखान्याची वाट इसर म्हनलंय त्यानं. तू गोळ्या इकतीस, तुला तर तेच पाह्यजे." म्हातारीनं पाय लुगड्याखाली ओढून घेतला. "उद्या बाजार हाय. यंत्राला इचारते. ते जा म्हनलं तर जाईन."

रेणुकानं विनवण्या केल्या, भागवतला फोन लावून दिला, शेजारच्या माणिकरावांना बोलावलं. म्हातारी हलेना. उचलून न्यायला गेले तर तिनं खांबाला मिठी मारली. शेवटी रेणुका हरून बसली आणि तिची नजर सासूच्या मनगटाकडे गेली. तिथं लाल धागा होता.

"ह्यो कोनी बांधला?"

"सेवेकरी पोरींनी. रांगंत समद्यांलाच बांधत्यात. लय मायाळू हायत. कुठं दुखतंय म्हातारे, म्हनून इचारलं आन् बांधला."

"म्हंजी इचारलं की हो तुम्हाला!"

"ते काय यंत्रानं इचारलं व्हय? त्या पोरींनी मायेनं इचारलं," दगडाबाई म्हणाल्या.

रेणुकानं शेजारपाजार पालथा घातला. दम लागणाऱ्या रंगनाथच्या हातात निळा, साखरवाल्या सिताराममामांच्या हातात पिवळा, रक्तदाबवाल्या कासाबाईच्या हातात हिरवा. तिला हसावं की रडावं ते कळेना. न वाचता येणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी ती स्वतःच गोळ्यांच्या पाकिटांना रंगीत रबरं लावायची. तीच युक्ती या भामट्यानं धन्वंतरी म्हणून विकली होती. तिनं तिघांचेही धागे मागून घेतले.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडण्याच्या वेळेला ती माणिकरावांच्या मदतीनं सासूला रिक्षात घालून मांडवात गेली. येडबालाही शेळी घेऊन बोलावलं होतं. गादीवर महाराजांच्या शेजारी हार घालून कोण बसलं होतं? किशनराव.

दगडाबाईंचा नंबर आला तेव्हा रेणुका पुढं झाली. "महाराज, माझ्या सासूच्या आधी या शेळीला बघा. गरीब जनावर हाय." तिनं सासूच्या मनगटाचा लाल धागा सोडून शेळीच्या पायाला बांधला, आणि सेवेकरी पोरी पुढं येईपर्यंत येडबानं तो पाय भोकात सारलाही.

दिवे पळाले. "माउली, आपल्या गुडघ्यात वात भरला आहे. पायऱ्या चढू नका."

मांडवात एकच हशा उसळला. महाराजांनी माईक ओढला. "हसू नका! जीवमात्रात एकच आत्मा आहे. यंत्राला मुक्या प्राण्याची वेदनाही कळली, हाच चमत्कार!" आणि काय सांगावं, निम्म्या माना पुन्हा डोलल्या.

रेणुकानं लाल सोडून रंगनाथचा निळा धागा बांधला. "माउली, आपल्याला दम लागतो. बिडी-तंबाखू वर्ज्य करा."

"माझी शेळी बिडी वढत न्हाई वो महाराज!" येडबा ओरडला.

पिवळ्यानं शेळीला साखर झाली, हिरव्यानं रक्तदाब. पाच मिनिटांत जनावराला चार रोग झाले आणि ते निवांत मांडवाचं तोरण खात होतं. "आत्मा हाय म्हणता ना?" असं म्हणून रेणुकानं येडबाच्या हातातली काठी घेतली, तिला लाल धागा गुंडाळला आणि भोकात खुपसली.

"माउली, आपल्या गुडघ्यात वात भरला आहे."

या वेळी कोणी हसलं नाही.

"आत रंग ओळखणारा एक डोळा हाय," रेणुका म्हणाली. "पोरांच्या खेळण्यात असतो तसला. लाल दिसला की एक आवाज, निळा दिसला की दुसरा. तुमचं दुखणं त्या पोरींनी इचारलं, तुमीच सांगितलं, धाग्यानं यंत्राला कळवलं. यंत्राला नाडी बी ठावं न्हाई आन् तुमी बी."

तिनं कप्प्यातल्या चार रंगांच्या चार पुड्या फोडून तळहातावर ओतल्या. सगळ्या गोळ्या एकसारख्या होत्या. मग जळकं पान वर धरलं. "ही स्टेरॉईडची गोळी हाय. गुडघ्याला बी हीच, दम्याला बी हीच, साखरेला तर इख. आन् ही आली किशनरावांच्या दुकानातून. बिलावर फार्मासिस्ट म्हणून माझं नाव हाय. मी बघितलं न्हाई, इचारलं न्हाई, ही माझी चूक. औषध निरीक्षकाला काल फोन केलाय. जे व्हईल ते मला बी व्हऊ दे."

किशनरावांनी हार काढून खिशात कोंबायचा प्रयत्न केला, तो मावेना.

मग गर्दी उसळली. कोणी काटा आडवा केला, कोणी महाराजांचं रेशीम धरलं, बाया पुड्या काढून गटारात टाकायला धावल्या. रेणुकानं माईक हिसकावला आणि जिवाच्या आकांतानं ओरडली, "गोळ्या फेकू नका! एकदम बंद करू नका!"

"आत्ता खोटं म्हनलीस, आन् आता फेकू नका म्हनतीस?" सिताराममामा खवळले. "कोनाचं ऐकावं मानसानं?"

"मामा, महाराज खोटा हाय. गोळी खरी हाय, म्हणून तर भ्यायचं. महिना-दीड महिना ही रोज घेतली की शरीर आतून जे औषध स्वतः बनवतं ते बनवायचं सोडून देतं. एकदम थांबलात तर चक्कर येऊन पडाल, जीव बी जाईल. पुड्या सोबत घ्या आन् आजच सरकारी दवाखान्यात दाखवा. डॉक्टर हळूहळू कमी करतील. साखरंवाल्यांनी तर आधी पळा."

पुड्या फेकायला निघालेले हात थांबले. यंत्रानं सांगितलेलं गोड होतं, हे कडू होतं आणि समजून घ्यावं लागत होतं. रेणुकानं वही काढली आणि गादीच्या कडेवर बसली. "या एकेक. किती दिवस घेतली? दिवसाला किती? दुसरी कोणती गोळी बंद केली?" लोक बिचकत पुढं येऊ लागले. पाठीमागून कोणीतरी तिचा पदर ओढला. दगडाबाई होत्या.

"माजं मागून लिव," त्या म्हणाल्या. "पाय लय ठणकायलाय गं. रिक्षा कुठं हाय?"

माणिकराव त्यांना घेऊन पुढं गेले आणि वही संपवून रेणुका मागून परभणीला पोचली. अंगठा गेला, पाय राहिला. निरीक्षकानं दुकानाला आणि काट्याला सील ठोकलं. रेणुकाचीही चौकशी लागली, ती अजून चालू आहे. महाराज मात्र त्या धांदलीत मोटारसायकलवरून निसटले. अशा माणसांना दुसरा जिल्हा आणि दुसरं कपाट मिळायला किती वेळ लागतो!

यंत्र वाईट नसतं. गोळ्या मोजू द्या त्याला, बिलं छापू द्या, बॅच शोधू द्या. पण यंत्राला जबाबदार धरता येत नाही, म्हणून तर लबाड माणूस त्याच्या आड लपतो. तेव्हा औषध माणूस देवो, मशीन देवो की महाराज, गोळीचं नाव काय आणि ती चुकली तर जाब कुणाला विचारायचा, एवढं कळल्याशिवाय ती तोंडात घालू नका. यात श्रद्धेचा अपमान नाही, जीव तुमचा आहे म्हणून सांगणं आहे.

परभणीच्या वॉर्डात तिसऱ्या दिवशी नर्सबाईंनी घाईघाईत दगडाबाईंच्या तळहातावर एक गोळी ठेवली आणि पुढच्या खाटेकडे वळल्या. म्हातारीनं मूठ मिटून घेतली. रेणुका शेजारी बसली होती, पण तिला न विचारता म्हातारीनं खणखणीत हाक मारली, "ओ बाई, इकडं या. आधी सांगा, ही कशाची गोळी हाय?"